तपकिरी मुलूख

दुकानदारानं न विचारताच लांबट वही काढून काउंटरवर ठेवली. लाल कापडी पाठ, दोनशे पानं, पाठीला दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल. "बाई न्हाय आल्या ह्या वर्षी?" त्यानं विचारलं. टिळकवाडीतल्या त्या दुकानात मी पहिल्यांदाच पाऊल ठेवलं होतं. मी त्याच्याकडे बघत राहिले तसा तोच म्हणाला, "तुम्ही त्यांच्याच न्हवं? तोंड तेच हाय की. दर एप्रिलला येत्यात. पेन्सिल बांधून पायजे म्हणत्यात, जीपमधनं पडती म्हणून." मी म्हणाले, "न्हाय आल्या." आईला जाऊन तेव्हा एकोणसत्तर दिवस झाले होते. वाक्य खरं होतं आणि मी ते खोटं बोलल्यासारखं बोलले. वही घेऊन बाहेर आले तर स्कूटरची किल्ली कुलपात जाईना. आपण दुसऱ्याच कुणाची तरी स्कूटर उघडतो आहोत हे कळायला मला बराच वेळ लागला.

वही आप्पांनी मागितली होती. सकाळी पोहे खाताना, मीठ मागावं तसं. "रचना, वही लागंल." मेमधली सहल त्यांनी आणि आईनं डिसेंबरातच ठरवली होती: बेळगावहून गाडीनं कच्छचं छोटं रण, तिथून बाडमेरवरून जैसलमेरकडचं वाळवंट. दर उन्हाळ्यात ते दोघं असंच कुठेतरी जात. माणसं महाबळेश्वरला जातात तेव्हा हे दोघं जिथे झाडसुद्धा जीव मुठीत धरून उभं असतं तिथे जात, कारण उन्हाळ्यात जनावर पाण्यावर येतं आणि माणूस येत नाही, असं आप्पांचं म्हणणं. आईचं म्हणणं काय होतं ते मी कधी विचारलं नाही. सहल रद्द करायची असं मी गृहीत धरलं होतं. आप्पांनी धरलं नव्हतं. भाऊ, प्रज्ञेश, बंगळूरहून फोनवर म्हणाला, "जा की त्यांच्यासंगं. तेवढंच मन रमंल." कुणाचं, ते त्यानं सांगितलं नाही. मी कॉलेजमध्ये रजा टाकली. मन रमवायला नव्हे. गेल्या मेमध्ये तालछापरच्या काळविटांत पाच दिवस काढून आई परत आली ती सुजलेले पाय घेऊन; मग तपासण्या, मग जानेवारीत डायलिसिस, मग मार्च. डॉक्टरांनी एकदा सहज विचारलं होतं, "ह्या पाणी कमी पितात का?" त्या प्रश्नावर मी दोन महिने झोपत आणि उठत होते. मला बघायचं होतं की हा माणूस तिला नेऊन कुठे बसवत होता.

तवंदी घाट उतरून निपाणीशी आलो तेव्हा काचा बंद असूनही तंबाखूचा वास आत आला. आप्पा शेजारी मान खिडकीकडे वळवून बसले होते. गाडी चालवणं त्यांनी सहाएक वर्षांपूर्वी सोडलं होतं; सहलींना भाड्याचा ड्रायव्हर घेत, आणि "पोरीनं चालवावं, बापानं बसावं," असं सगळ्यांना सांगत. निपाणीतल्या वखारीत आईनं अठरा वर्षं तंबाखू निवडली. आप्पांची हायस्कूलची नोकरी कायम झाली, घरात फॅन आला, तरी ती जात राहिली. नोकरी जाऊ शकते, हात जात नाहीत, असं तिचं काहीतरी असावं. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिच्या शेजारी गोणपाटावर बसे. पंचवीस-तीस बायका, नाकाला पदर, पुढ्यात तपकिरी ढीग. काडी वेगळी, पान वेगळं, आणि पानातही रंग वेगळा. ती दोन मुठी माझ्यापुढे धरायची. "ह्यातलं सदलग्याचं कुठलं?" मला दोन्ही सारखेच दिसत. ती हसायची नाही, चिडायची नाही, मुठी तशाच धरून ठेवायची. मग हळूहळू, डोळे मिचकावून थकले की, एका मुठीत काळ्या रानाचा जरासा निळसर काळोख दिसायला लागे आणि दुसरीत लाल मातीची ऊब. "दिसलं न्हवं," ती म्हणायची. जगात तपकिरी रंग एक नसतो, शेकडो असतात, हे मी शाळेत शिकले नाही. आणि त्याच वखारीत बायका सकाळपासून घोटभरही पाणी पीत नसत, कारण मुकादम उठू देत नसे. हे मला माहीत होतं. पण माहीत असलेल्या गोष्टी एकमेकींशेजारी नेऊन ठेवायला मला चाळीस वर्षं लागली.

निघाल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी, रणात, सफारीच्या जीपमध्ये आमच्यासोबत पुण्याचे एक निवृत्त डॉक्टर आणि त्यांची बायको होती. डॉक्टर आप्पांना नावानं ओळखत होते. पक्षी-प्राणी बघणाऱ्यांच्या कुठल्याशा ग्रुपवर त्यांच्या नोंदी वाचत. "सिद्राम सर म्हणजे तुम्हीच? अहो, केवढं भाग्य." आप्पा हे शब्द अंगावर शाल घ्यावी तसे घेतात. मला त्याचा पूर्वी राग येत नसे. सदलग्याला दुसऱ्याच्या रानात राबणाऱ्या माणसाचा मुलगा, सेकंडहँड दुर्बीण घेऊन माळावर फिरायचा तेव्हा लोकांनी त्याला चोर म्हणून दोनदा हाकललं होतं. आणि पुढे वकील-डॉक्टरांच्या ज्या घोळक्यात आडनाव ऐकून क्षणभर शांतता पसरते, त्या घोळक्यात हा माणूस फक्त पक्ष्याचं नाव सांगून उभा राहिला. ते मी लहानपणापासून अभिमानानं सांगत आले. त्या सकाळी जमीन पांढरी, भेगाळलेली, आणि ऊन साडेसातलाच असं की कुणीतरी तोंडावर तवा धरला आहे. मी वही मांडीवर घेऊन आईच्या जागी, आप्पांच्या डाव्या हाताला बसले होते. त्यांचं कोपर मला लागलं. मी सरकून बसले. पुन्हा लागलं. "सांग की," ते ओठ न हलवता म्हणाले. "काय?" "काय हाय ते." दूर रानगाढवं उभी होती, फिक्या मातीवर फिक्या मातीचीच, वितळत असल्यासारखी. "गाढवं हायत," मी म्हणाले. "किती? कुठं?" "सात. उजव्या हाताला, झुडपाच्या मागं." आप्पांनी घसा साफ केला, हात लांब केला आणि मोठ्यानं म्हणाले, "उजवीकडे बघा, झुडपामागे. सात. एक पिल्लू असावं." डॉक्टरांनी दुर्बीण लावली. मिनिटभर शोधलं. "काय नजर आहे हो सर तुमची! या वयात!" त्यांच्या बायकोनं मला विचारलं, "तुम्हाला पण आवड आहे का?" पिल्लू नव्हतंच. वहीवर पेन्सिल टेकवून मी बघत राहिले, आणि पेन्सिलीचं टोक कागदात रुतून मोडलं.

दुपारी खोलीत कूलर नुसताच घरघरत होता. आप्पा कॉटवर बसून पायातले बूट चाचपून काढत होते, आणि मला पहिल्यांदा दिसलं की ते चाचपत आहेत.

"किती वर्षं?" मी विचारलं.

"काय किती?"

"दिसत न्हाय ते."

"दिसतंय की. मधलं दिसत न्हाय. कडंचं दिसतंय. तुझं तोंड न्हाय दिसत, कान दिसतोय."

"आप्पा, किती वर्षं?"

"सहा. सात असतील. डॉक्टर म्हणाला, ह्याला औषध न्हाय. तुम्हा पोरास्नी कशाला सांगायचं म्हटलं."

मी मोजत होते. बेळगावच्या सभागृहातला सत्कार चार वर्षांपूर्वीचा. पडद्यावर माळरानाचे फोटो, आप्पा माइकवर, आई तिसऱ्या रांगेत मांडीवर पर्स धरून. निवेदिकेनं सांगितलं होतं की सरांच्या नजरेतून सुटत नाही असं काही नाही, आणि टाळ्या पडल्यावर आईनंही वाजवल्या होत्या, दोन बोटं तळव्यावर आपटून, तिच्या नेहमीच्या पद्धतीनं. मला वाटे ही बिचारी नवऱ्याच्या छंदापायी जीपमध्ये भाजून निघते आणि वही लिहिते. वही ती लिहीत होती, आणि बघतही तीच होती. बाभळीच्या सावलीतला ससा, वाळूवरची वाळूच्या रंगाची भटतितर, चिंकाऱ्याचा नुसता कान. अठरा वर्षं काडी आणि पान वेगळं केलेल्या बाईला त्या मुलखात न दिसण्यासारखं होतं तरी काय. ती हळूच सांगायची, हे मोठ्यानं सांगायचे.

"तिचं नाव कुठं लिहिलं का कधी? एका नोंदीवर तरी?"

"तीच नको म्हणायची. 'मला काय त्यातलं कळतंय' म्हणायची."

"आणि तुम्ही ऐकलं."

"ऐकलं."

"सगळ्या जन्मात तिचं तेवढंच बरं ऐकलं."

 आप्पांच्या हातात एक बूट होता, तो त्यांनी कॉटखाली ठेवला, मग पुन्हा उचलून जरा बाजूला ठेवला.

"ती जीपमध्ये पाणी प्यायची न्हाय, हे ठाऊक होतं?"

"मी विचारायचो की. पारू, तहान लागली का? न्हाय म्हणायची."

"उतरायला आडोसा नसायचा म्हणून न्हाय म्हणायची. सहा-सहा तास. पाच-पाच दिवस."

"मला काय ठाऊक गं," ते म्हणाले. "मला दिसत न्हवतं."

मी बाहेर गेले. बाहेर जाण्यासारखं काही नव्हतं, पत्र्याची शेड आणि तिच्याखाली जीभ काढून पडलेलं कुत्रं. मी त्याच्याशेजारी उभी राहिले. त्या वाक्यावर एखाद्यानं हसायला हवं होतं किंवा दार आपटायला हवं होतं. मला दोन्हीतलं काही जमलं नाही, आणि ते न जमणं मला बापाकडूनच आलेलं आहे हेही त्या क्षणी नकोसं वाटलं. तिथून सरळ बेळगावकडे गाडी वळवता आली असती. मी वळवली नाही. मायेनं नव्हे. आप्पांना वाळवंटात काय हवं आहे ते मला माहीत होतं. माळढोक. त्यांच्या आजोबांनी सदलग्याच्या माळावर तो चालताना बघितला होता म्हणे, वडिलांनी लांबून उडताना, आणि आप्पांच्या वाट्याला मोकळा माळ आला. चाळीस वर्षं नान्नजपासून सिरुगुप्प्यापर्यंतचे माळ हिंडूनही त्यांना तो भेटला नव्हता. "सगळं झालं, तेवढा राहिलाय," असं ते पंगतीतसुद्धा सांगत. आता तो त्यांना भेटला असता तो माझ्या तोंडूनच. हे मला शेडमध्ये उभं असताना कळलं आणि कळल्यावर बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

पुढचे दोन दिवस आम्ही रस्त्याच्या गरजेपुरतं बोललो. डावीकडं. डिझेल. थांब जरा. बाडमेर मागे पडल्यावर रस्ता इतका सरळ झाला की स्टिअरिंग धरणं हे नुसतं नाटक वाटे. दोन्हीकडे पवनचक्क्या, मैलोन् मैल तारा, आणि तारांखाली खेजडीची झाडं, माणसांनी पाल्यासाठी ओरबाडून घेतलेली. हा मुलूख कुणाला ये म्हणत नाही. वारा वाळू घेऊन येई आणि काचेवर अशी घासे की आत कोण बसलंय ते खरवडून बघायचं आहे. एका ढाब्यावर मालकानं गाडीची पाटी वाचली. "कर्नाटक! इस मौसम में तो यहाँ के लोग भी भाग जाते हैं, बाबूजी. आप मरने आए हो क्या?" तो हसला. आप्पाही हसले आणि त्यांच्या बेळगावी हिंदीत म्हणाले, "मरनेवाली तो मर गई. हम घूमने को आया है." मालकाचं हसू तोंडावर तसंच राहिलं. त्यानं ताक दिलं आणि आमच्याकडे पुन्हा बघितलं नाही. मला आप्पांच्या तोंडावर ग्लास मारावासा वाटला. त्यांचा हात टेबलावर ताकाचा ग्लास शोधत होता, मिठाच्या डबीला लागत होता, परत येत होता. मी ग्लास पुढे सरकवला नाही. शोधू दे.

मी त्या दोन दिवसांत पाणी पीत नव्हते, हेही माझ्या फार उशिरा लक्षात आलं. बाटली पायाशी होती. ओठ फुटले होते. मैलभर आडोसा नाही, गाडीत बाप. माझं शरीर मला न विचारता वखारीत जाऊन बसलं होतं.

वाळवंटातल्या राष्ट्रीय उद्यानात आम्ही पोचलो तेव्हा दुसरा कुणी पर्यटक नव्हताच. खेताराम नावाचा ड्रायव्हर होता, पन्नाशीचा, कानात बाळ्या, बोलण्यात आम्हाला वेडे समजत असल्याची खात्री. "गोडावण देखना है? सबको देखना है," तो म्हणाला. इकडे माळढोकला गोडावण म्हणतात. "वो किसी को नहीं देखता." पहिला दिवस चिंकारा, वाळूतला कोल्हा आणि गिधाडं यांत गेला. मी सांगत होते, हळू, सरळ, परीक्षेचे प्रश्न वाचावेत तशी. आप्पा मोठ्यानं म्हणत होते, पण ऐकणारा खेतारामच होता आणि त्याला आधीच दिसलेलं असे. "हाँ साब, वो तो कब से खड़ा है," तो म्हणे. आप्पांचा आवाज दुपारपर्यंत लहान होत गेला. संध्याकाळी ते नुसते मान हलवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच जीपचं मागचं चाक बसलं. स्टेपनीतही हवा नव्हती. खेताराम कुणालातरी शिव्या देत, स्टेपनी ढकलत, टेकाडापलीकडच्या चौकीकडे निघून गेला. "अर्धा घंटा. नीचे मत उतरना, रेत में साँप है." त्याचं डोकं टेकाडाआड बुडालं आणि मग आवाज असा एकही राहिला नाही. आप्पा टोपी डोळ्यांवर घेऊन बसले होते. समोर सेवण गवत, अर्धं वाळलेलं, अर्धं वाळूच झालेलं. मी काही शोधत नव्हते. डोळे थकून सैल झाले होते, आणि तेव्हाच त्या सगळ्या तपकिरीत एक तपकिरी वेगळी झाली. जमिनीची नव्हती, गवताची नव्हती. पिकल्या पानासारखी, कडेला किंचित काळी. मग तिच्यावर मान आली, राखेसारखी पांढरी, उभी, आणि डोक्यावर काळी टोपी. तो चालत होता. पाय मोजून टाकत होता, कुणाच्या तरी घरात आलेल्या अनोळखी माणसासारखा, चार पावलं आणि थांबणं, तीन पावलं आणि थांबणं. दोनशे पावलांवर असेल, नसेल. एवढा मोठा पक्षी एवढा निमूटपणे चालतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"काय गं?" आप्पांनी टोपी वर केली.

"काय न्हाय."

हे दोन शब्द माझ्या तोंडून इतके अलगद गेले की त्यांची तयारी मी रणापासून करत होते हे मलाच कळलं. आप्पांनी मान फिरवली, साफ चुकीच्या दिशेला, आणि चेहरा तसाच धरून ठेवला. त्यांच्या गालावरची न झालेली दाढी पांढरी दिसत होती. मी पक्ष्याकडे बघितलं. ह्या क्षणासाठी हा माणूस अठराशे किलोमीटर आला होता. म्हणजे चाळीस वर्षं आला होता. पक्षी त्याच्यासमोर चालत होता आणि फक्त मला ठाऊक होतं. हे आईच्या नावावर आहे, असं मी मनात म्हणाले. तेही खरं नव्हतं. आई असती तर तिनं सांगितलं असतं. हे माझ्याच नावावर होतं.

"तुझी आई बी अशीच करायची," आप्पा म्हणाले.

"काय?"

"श्वास धरायची. मी इचारलं की म्हणायची, काय न्हाय. न्हाय कसं? काय नसताना माणूस श्वास कशाला धरंल?" त्यांनी मांडीवरची वाळू झटकली. "वर्षातनं दोन-तीन डाव तरी. मोठं काहीतरी असणार तिथं. मला कळायचं."

"मग विचारायचं न्हाय का?"

"न्हाय इचारलं." त्यांनी टोपीची कड चाचपली. "म्हटलं, एखादं तिचं तिला असू दे. सगळंच मी बोलून टाकायचो."

हे खरं आहे का ते मला माहीत नाही. सहा वर्षं डोळ्यांचं खोटं बेमालूम बोललेला माणूस हेही जीपमध्ये बसल्या बसल्या रचू शकतो. जिला विचारायचं ती नाही. आणि खरं असलं तरी त्यानं तिची मूत्रपिंडं परत येत नाहीत, सभागृहातली तिसरी रांग पहिली होत नाही. मी त्यांना तसं सांगणारही होते. पण माझ्या डोळ्यांसमोर दुसरंच आलं: टोपी, पदर, फुटलेले ओठ, आणि समोर काहीतरी चालत असलेलं, जे ती एकटी बघते आहे, कुणाला न देता. काय बघितलं असेल तिनं? किती वेळ? त्यातलं एकही मला कधी सांगितलं नाही तिनं. मलासुद्धा. मी तिच्यावतीनं भांडत होते, आणि तिच्याकडे एक अख्खा मुलूख होता ज्यात मलाही प्रवेश नव्हता. मला राग आला. ह्या वेळी कुणावर आला ते ठरवता येईना.

"आप्पा," मी म्हणाले.

"नको," ते म्हणाले. चटकन, जवळजवळ दटावून. "बघ तू."

मी बघितलं. पक्षी थांबला. मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे केली, आणि गवतात बसला, एवढा खाली की राहिली ती नुसती मान, आणि ती मान म्हणजे त्या गवतातली आणखी एक वाळली काडी झाली. ज्यानं बघितलं नव्हतं त्याला ती आता कधीच दिसली नसती.

खेताराम परत आला तेव्हा घामानं भिजला होता. चाक बसवताना त्यानं तीन माणसांची नावं घेऊन त्यांच्या सात पिढ्या मोजल्या. मग हात पुसत सीटवर चढला आणि आरशातून आप्पांकडे बघत, चेष्टेच्या सुरात म्हणाला, "क्यों साब? हमारे पीछे कुछ दिखा?"

आप्पांनी घसा साफ केला. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचा हात गुडघ्यावरून उचलला गेला, नेहमी उचलला जाई तसा, बोट लांब करायला, आणि मध्येच थांबला. तो त्यांनी दुसऱ्या हातानं धरून खाली घेतला.

"कुछ नहीं," ते मोठ्यानं म्हणाले. "कुछ भी नहीं दिखा. चलो."